दहा शेळ्या, एक बोकड आणि चौदा महिन्यांचा चारा
देवळाली प्रवरा परिसरात शेळी-मेंढीपालन सुरू करताना खिशातून नेमके किती जाते?

सर्वांत आधी आकडा. शासनाच्या 50 टक्के अनुदानावर 10 शेळ्या आणि 1 बोकड घेतलात, तर पहिली विक्री होईपर्यंत तुमच्या खिशातून साधारण 1 लाख 64 हजार रुपये जातील. अनुसूचित जाती-जमातीसाठी अनुदान 75 टक्के आहे, तरी आकडा 1 लाख 38 हजारांच्या आसपास येतो. अनुदान मिळते ते शेळीला आणि विम्याला. चारा, खुराक, निवारा आणि वाट पाहण्याचे महिने तुमचेच. अर्ज करण्याआधी हा हिशेब वहीत मांडा, कारण फॉर्म भरून देणारा तो तुम्हाला सांगणार नाही.

अनुदानाचा खरा हिशेब

पशुसंवर्धन विभागाच्या नाविन्यपूर्ण योजनेत 2021 च्या शासन निर्णयाने दर ठरले. संगमनेरी किंवा उस्मानाबादी शेळी 8,000 रुपये, बोकड 10,000 रुपये. म्हणजे 10 शेळ्यांचे 80,000, बोकडाचे 10,000, विम्याचे 13,545. एकूण 1,03,545 रुपये. सर्वसाधारण गटाला अनुदान 51,773, स्वतःचा हिस्सा 51,772. अनुसूचित जाती-जमातीला अनुदान 77,659, स्वतःचा हिस्सा 25,886. अर्ज करताना पोर्टलवर चालू वर्षाचा दर पाहून घ्या.

आता योजनेच्या कागदावर नसलेला खर्च.

निवारा: मोठ्या शेळीला छताखाली 10 चौरस फूट आणि बाहेर मोकळे 20 चौरस फूट लागते. 11 जनावरे आणि त्यांची करडे धरून छताखाली 150 ते 200 चौरस फूट हवेत. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत 10 शेळ्यांच्या एका शेडला 49,284 रुपये धरले होते. अंदाजासाठी तोच आकडा घ्या.

खुराक: एका शेळीला दिवसाला 250 ग्रॅम. 11 जनावरांना वर्षाला 1 टन, म्हणजे 50 किलोच्या 20 गोण्या. चौदा महिन्यांना सुमारे 1,170 किलो. भाव 30 रुपये किलो धरला तर 35,100 रुपये.

वाळला चारा: शेळीला दिवसाला 1 किलो. चौदा महिन्यांना सुमारे 4,675 किलो. कडबा, भुसकट किलोला 6 रुपये धरले तर 28,050 रुपये.

हिरवा चारा: रोज साधारण 38 किलो. तो घरच्या रानात आहे असे धरून इथे पैसे लावलेले नाहीत. विकत आणणार असाल तर सगळा हिशेबच बदलतो.

बेरीज करा. गट, शेड आणि चौदा महिन्यांचा खुराक-चारा मिळून 2,15,979 रुपये. त्यात अनुदान 51,773. म्हणजे ज्याला 50 टक्के म्हणतात ते प्रत्यक्षात चौथाईच्याही किंचित खाली. औषध, गाडीभाडे आणि तुमची मजुरी यात धरलेली नाही. भाव मी धरलेले आहेत, तुमच्या दुकानातला भाव घालून आकडे पुन्हा मांडा.

चौदा महिने का?

शेळीचा गाभणकाळ 5 महिने. करडू विकण्याजोगे व्हायला 8 ते 9 महिने. रिकाम्या शेळ्या घेतल्या तर पहिला बोकड चौदाव्या महिन्याच्या आत बाजारात उभा राहत नाही. 10 शेळ्यांना पहिल्या वेतात 15 करडे धरा, त्यातली दोन-तीन मरतात. उरलेल्या बारांत निम्म्या पाटी, त्या कळप वाढवायला ठेवायच्या. विकायला राहिले 6 बोकड. 20 किलो वजन आणि जिवंत वजनाला 350 रुपये भाव धरला, तर 42,000 रुपये. तोवरचा खुराक-चाराच 63,150 रुपयांचा झालेला असतो.

पुढच्या वर्षी चित्र सुधारते. दोन वर्षांत तीन वेत मिळाले तर वर्षाला 22 करडे, मरतूक वजा जाता 18-19. त्यातली 15 विकली तर त्याच भावाने 1,05,000 रुपये. मोठ्या जनावरांचा खुराक-चारा 54,000, त्यावर करडांचा खुराक आणि औषध. हाती 30,000 च्या आसपास. हा जोडधंदा आहे. दहा शेळ्यांवर घर चालेल असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे मागच्या दोन वर्षांची विक्रीची वही मागा.

अर्ज कुठे, कागद कोणते

अर्ज ऑनलाइन, एएच-महाबीएमएस या पोर्टलवर किंवा त्याच नावाच्या ॲपवर. अर्जाला शासकीय शुल्क नाही. सेतू किंवा सायबर कॅफेवाला घेतो ते त्याच्या टंकलेखनाचे. आधी विचारा, पावती घ्या. मुदत विभाग जाहीर करतो. निवड झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि कागद चढवायला मोजके दिवस मिळतात. म्हणून नंबर स्वतःचाच द्या, दुकानदाराचा नको. नंबर बदलला तर लगेच कळवा.

जुळवून ठेवायचे कागद: आधार, सातबारा, 8-अ, रहिवासी दाखला, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँक पासबुक, अपत्यांबाबतचे स्वघोषणापत्र. लागू असेल तर जातीचा दाखला, दारिद्र्यरेषेचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, बचत गटाच्या सदस्यत्वाचा कागद, रोजगार नोंदणी कार्ड, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. सातबारा एकत्र कुटुंबाचा असेल तर इतर हिस्सेदारांचे संमतीपत्र. जमीन नावावर नसेल तर भाडेकरार.

यातला स्वस्त मार्ग असा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर 15 रुपयांत मिळतो, 8-अ सुद्धा 15 रुपयांत. त्यासाठी कुणाला शंभर-दोनशे देऊ नका. स्वघोषणापत्र साध्या कागदावर चालते. भाडेकराराला मात्र ऑक्टोबर 2024 पासून किमान 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. शंभराचा जुना कागद काढून दिला तर घेऊ नका.

निवडीत प्राधान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंब, एक हेक्टरपर्यंतचे अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टरचे अल्पभूधारक, नोंदणीकृत सुशिक्षित बेरोजगार आणि महिला बचत गट यांना. 30 टक्के लाभ महिलांसाठी राखीव आहे. घरातल्या महिलेच्या नावे अर्ज करता येत असेल तर तसाच करा. एका कुटुंबातून दोन अर्ज मात्र नकोत.

मंजुरीनंतर बंधपत्रावर सही घेतात. अनुदानाची जनावरे किती काळ विकायची नाहीत हे त्यात लिहिलेले असते. वाचून सही करा. अडचणीत पहिल्याच वर्षी शेळ्या मोडल्या तर अनुदान परत मागितले जाऊ शकते.

शेडसाठी रोजगार हमीतून पैसे हवे असतील तर आधी हद्द पाहा. देवळाली प्रवरा नगरपरिषद आहे. रोजगार हमीला जोडलेल्या ग्रामसमृद्धी योजनेचे प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत जातात. तुमची वस्ती कोणत्या हद्दीत येते, जॉब कार्ड आहे का, हे विचारल्याशिवाय पाया खणू नका. पैसे टप्प्याने आणि उशिरा येतात, पत्रे-सिमेंट आधी तुम्हालाच आणावे लागते. नगरपरिषद हद्दीत दाट वस्तीत शेड घालायचे असेल तर परवानगी आणि शेजारी, दोन्ही आधी सांभाळा. वासाच्या तक्रारीवरून शेड हलवायची वेळ आली तर तो खर्च कोणतीच योजना देत नाही.

शेळी कुठून आणि कशी घ्यायची

तुमच्या बाजूने एक गोष्ट चांगली आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ नगर-मनमाड रस्त्यावर, तुमच्यापासून जवळच आहे. तिथे संगमनेरी शेळी आणि दख्खनी मेंढी या दोन्हींवर सुधार प्रकल्प चालतात. पैदाशीचा बोकड घ्यायचा तर पहिली चौकशी तिथेच करा. मागणी जास्त असते, नंबर लावावा लागतो. प्रशिक्षणासाठी विद्यापीठ किंवा बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र. प्रमाणपत्र पुढे कर्जाला आणि मोठ्या अनुदानाला लागते, म्हणून प्रशिक्षण आधी आणि खरेदी नंतर.

बाजार म्हटले की या भागातले लोक घोडेगाव आणि लोणी ही नावे घेतात. पहिल्यांदा जाल तेव्हा पैसे घरी ठेवून जा. नुसते भाव ऐका, वजने पाहा. शक्य असेल तिथे बाजाराऐवजी गावातल्या शेळीपालकाच्या दारात खरेदी करा. तिथे आई दिसते, करडे दिसतात, दूध काढून पाहता येते. बाजारात आलेली शेळी बहुधा का आली, हे विकणारा सांगत नाही.

पाहायचे काय? दात: दोन दाती किंवा चार दाती घ्या, पूर्ण जुळलेली नको. वेत: पहिल्या किंवा दुसऱ्या वेताची. कास: दोन्ही सड सारखे, गाठ नाही. नाक, डोळे, मागचा भाग कोरडा आणि स्वच्छ. गाभण सांगून विकत असतील तर पशुवैद्यकाकडून तपासून घ्या, फुगलेले पोट म्हणजे गाभ नव्हे.

बाजारातले छुपे खर्च मोजा. दलाली, हमाली, गाडीभाडे, आणि रुमालाखालच्या सौद्यात तुम्हाला न कळलेला फरक. भाव उघड बोला, किलोवर बोला, जनावर काट्यावर चढवा. अंदाजपंचे भावात नवखा माणूस नेहमी हरतो. कापलेल्या जनावराचे मटण जिवंत वजनाच्या 45 ते 50 टक्के निघते. म्हणजे मटणाचा किरकोळ भाव जो असेल, त्याच्या निम्म्याच्या आसपास जिवंत वजनाचा भाव. पैदाशीच्या चांगल्या मादीला त्याहून थोडे जास्त द्या, दुप्पट देऊ नका.

शासनाच्या दरात मनासारखी दुसऱ्या वेताची संगमनेरी मिळाली नाही, तर वरचा फरक तुमचा. तो वाचवण्यासाठी म्हाताऱ्या शेळ्या माथी मारून घेऊ नका. खरेदीच्या दिवशी स्वतः हजर राहा.

कानातला 12 अंकी बिल्ला तपासा. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी आहे. भारत पशुधन प्रणालीत मालकी तुमच्या नावे करून घ्या. हे राहिले तर पुढे विमा अडतो. वाहतुकीआधी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला घ्या. जिल्ह्याबाहेरून आणणार असाल तर तो नसणे महागात पडते.

ऐन पावसाळ्यात नवीन जनावर आणू नका. आणलेले कळपात लगेच मिसळू नका, तीन आठवडे वेगळे ठेवा. राजस्थान, पंजाबकडची सोजत, शिरोही, बीटल देखणी असतात, पण प्रवास आणि हवाबदलात करडांची मरतूक वाढते. पहिल्या कळपाला संगमनेरी किंवा उस्मानाबादीच घ्या. बोकड दर दोन वर्षांनी बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर जाईल.

चारा: उसाच्या पट्ट्यातला सापळा

इथे वाढे मुबलक, तोडणीच्या हंगामात जवळपास फुकट. म्हणून अनेक जण चाऱ्याचा हिशेबच करत नाहीत. दोन अडचणी आहेत. एक, हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये तेच वाढे विकत शोधावे लागते. दोन, वाढ्यात ऑक्झॅलेट असते. नुसत्या वाढ्यावर ठेवलेल्या शेळीला कॅल्शियम कमी पडते, दूध घटते, करडे अशक्त होतात. वाढे द्या, पण त्याबरोबर घास, शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास आणि रोज खनिज मिश्रण.

11 जनावरांसाठी पाण्याखालची 10 ते 12 गुंठे चाऱ्याला राखा. निम्म्यात संकरित नेपियर किंवा मका, निम्म्यात घास, बांधावर शेवरी आणि हादगा. दिवाळीनंतर मक्याचा मुरघास भरून ठेवा, मेमध्ये हाच पैसे वाचवतो. एवढी जागा आणि पाणी नसेल तर 10 ऐवजी 4 शेळ्यांपासून सुरुवात करा.

लस, औषध, विमा

पीपीआरची लस करडू 3-4 महिन्यांचे झाल्यावर, पुढे तीन वर्षांनी. शासकीय कार्यक्रमात ती आणि लाळखुरकुताची लस मोफत टोचतात. लसीचे पैसे मागितले तर पावती मागा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी, मे-जूनमध्ये. पहिल्यांदा दिली तर 15 दिवसांनी पुन्हा. जंताचे औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. कोवळ्या गवतावर आंत्रविषाराने एका रात्रीत चार-पाच करडे जातात, त्याची किंमत लसीच्या कैक पट असते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या विम्यात 2024 च्या बदलानंतर पशुपालकाने हप्त्याच्या 15 टक्के भरायचे असतात. शेळ्या-मेंढ्या 100 पर्यंत बसतात. जनावर मेले की त्याच दिवशी कंपनीला आणि दवाखान्याला कळवा, बिल्ल्यासकट फोटो काढा, शवविच्छेदन करून घ्या. आधी पुरले आणि मग दावा केला तर पैसे येत नाहीत.

पैसे कमी पडले तर

सावकार किंवा सोनेतारणाआधी पशुपालनाचे किसान क्रेडिट कार्ड विचारा. खेळत्या भांडवलाला 2 लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, वेळेवर फेडले तर 4 टक्के. 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखांपर्यंत तारण लागत नाही. 3 लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला प्रक्रिया आणि पाहणी शुल्क न लावण्याची सूचना बँकांना आहे. शाखेत लावले तर लेखी कारण मागा. कर्जासोबत जीवन विमा पॉलिसी गळ्यात मारली जाते, ती सक्तीची नाही.

100 शेळ्यांची जाहिरात

राष्ट्रीय पशुधन अभियानात 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. 500 शेळ्या, 25 बोकडांना 50 लाखांपर्यंत. अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर. आधार, पॅन, सहा महिन्यांचे बँक विवरण, रद्द केलेला धनादेश, जमिनीचे कागद, जागेचे फोटो, प्रशिक्षण किंवा अनुभवाचा दाखला आणि प्रकल्प अहवाल लागतो.

अडचण कुठे आहे ते पाहा. अनुदान दोन हप्त्यांत येते, पहिला हप्ता तुम्ही ठरलेला खर्च केल्यावर, दुसरा प्रकल्प पूर्ण झाल्याची तपासणी झाल्यावर. जमीन खरेदी, भाडे, स्वतःची गाडी यांना अनुदान नाही. मंजुरीला महिने लागतात. तोवर 7 लाखांचे कर्ज 10 टक्क्यांनी घेतले असेल तर वर्षाचे व्याज 70,000. रोज 365 किलोहून जास्त हिरवा चारा, वर्षाला साडेनऊ टन खुराक. दहा शेळ्या दोन वर्षे सांभाळल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

मेंढ्यांचा हिशेब वेगळा

बागायती पट्ट्यात चराईचे रान उरलेले नाही. इथे मेंढ्या दिसतात त्या पिके निघाल्यावर वाडा घेऊन येणाऱ्या मेंढपाळांच्या. तुमच्या रानात वाडा बसवायचा असेल तर रात्रीचा दर, धान्य द्यायचे की रोख, आणि पाणी कुणाचे, हे आधी बोलून घ्या. दख्खनी मेंढीची लोकर जाड असते, तिच्या विक्रीतून कातरणीचा खर्चही निघेल असे धरू नका. मेंढीचा पैसा मटणाचा आणि खताचा.

भटक्या जमाती-क प्रवर्गातील मेंढपाळांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. 20 मेंढ्या आणि 1 नर, 75 टक्के अनुदानावर. भटकंती करणाऱ्या, किमान 20 मेंढ्या असलेल्यांना जून ते सप्टेंबर दरमहा 6,000 रुपये चराई अनुदानाचीही तरतूद आहे. ही योजना पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळामार्फत चालते. माडग्याळ जातीच्या मेंढ्याला लाखांचे भाव ऐकून भुलू नका. ते भाव हौशी पैदासकारांचे आहेत, मटणाच्या काट्यावर सगळे नर सारखेच.

कधी विकायचे, कुणापासून सावध राहायचे

आषाढात आणि जत्रांच्या हंगामात मागणी चढते, श्रावणात आणि नवरात्रात उतरते. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, निर्दोष बोकड लागतो. ईद दरवर्षी 10-11 दिवसांनी अलीकडे येते, म्हणून बोकड त्याआधी किमान 12-13 महिने जन्मलेला हवा. त्याच्याही 5 महिने आधी शेळी फळवायला हवी. ईदेच्या शेवटच्या दोन दिवसांवर सगळा माल ठेवू नका. उरलेला बोकड दुसऱ्या दिवशी मटणाच्या भावाने जातो.

"आमच्याकडून शेळ्या घ्या, करडे आम्हीच दामदुपटीने परत घेऊ" असे करार करणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांचा नफा तुम्हाला शेळी विकण्यात असतो, करडू परत घेण्यात नाही. अनुदान मंजूर करून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला देऊ नका. निवड पोर्टलवर होते, यादी तिथे दिसते. तीस-चाळीस हजारांचा तयार प्रकल्प अहवालही घेऊ नका. बहुतेक अहवालांत मरतूक शून्य आणि चारा फुकट दाखवलेला असतो.

जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीजदर, ग्रामपंचायत कर आणि कर्जाच्या व्याजात सवलत अपेक्षित आहे. तुमच्या बिलात ती लागली का, ते तपासा. पण आयकर हा केंद्राचा विषय आहे. शेळीपालनाचे उत्पन्न शेतीउत्पन्नात धरले जात नाही. विक्री वाढली की नोंदी ठेवा आणि सल्लागाराला विचारा.

या भागात शेळीला पुढे मागणी राहील याची काळजी नको. ती टिकवून धरण्याएवढा चारा आणि रोख तुमच्याकडे आहे का, एवढेच ठरवायचे आहे. बँकेत 1 लाख 64 हजार आणि रानात 10 गुंठे असतील तर अर्ज भरा. दोन्हींपैकी एकच असेल तर यंदा प्रशिक्षण करा, बांधावर शेवरी लावा, घरच्या पैशाने 4 शेळ्या घ्या. पुढच्या वर्षी पोर्टल उघडेल तेव्हा तुमच्याकडे अनुभव आणि चारा, दोन्ही असेल.